पडण्याची नोकरी

...आणि गाठी सात. खिडकीच्या गजाला अडकवलेला तो पांढऱ्या दोरीचा वीतभर तुकडा शकूनं चिमटीत धरला, सोडला, पुन्हा धरला. मधली गाठ सैल पडलेली, बाकीच्या घट्ट, आणि एका टोकाला कात्री चालल्याची खूण अजून तशीच. तीन वर्षांपूर्वी सोही या खोलीत राहायला आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा तुकडा बघून शकूचं डोकं फिरलं होतं. “हे बघ बाई, आमच्यात गंडेदोरे चालत नाहीत. माझ्या घरात तर नाहीच नाही. काढ ते आधी.” आणि ती सहा फुटी कोरियन पोरगी हसली, हातांनी हवेत गोल काढला, त्यात चेंडू टाकल्याची खूण केली, मग दोन बोटांची कात्री करून कचकन कापून दाखवलं. शकूला ओ की ठो कळलं नाही. शेवटी नात, दीप्ती, मध्ये पडली... “आजी, गंडा नाहीये तो. बास्केटची जाळी आहे. त्यांच्यात कप जिंकला की जाळी कापून सगळ्यांना वाटतात.”

“पौर्णिमेच्या खिरीसारखी?”

“हां, तशीच समज.”

मग राहू दिला होता.

खाली पलंगावर दोन बॅगा उघड्या पडलेल्या. परवा, मंगळवारी, सोही जाणार — तिच्या गावच्या शाळेत मुलींना खेळ शिकवायला, कायमची. आत्ता ती आणि दीप्ती कल्याणला गेल्यात, बास्केटबॉलच्या अकादमीत, जिथं सोही कोच आहे, शेवटच्या प्रॅक्टिसला. पाचपर्यंत येतील आणि सहाला विहारात सोहीचा सत्कार आहे, आणि तिथं शकूनं दोन शब्द बोलायचेत. हे दोन शब्द आठ दिवसांपासून पाठ होते. सकाळी नऊपर्यंत तरी पाठ होते.

शकू पलंगाच्या कडेला बसली. वर यायला चौदा पायऱ्या. कठड्याला हात न लावता चढली ती, आणि हे लक्षात आल्यावर तिला अधिकच राग आला — कारण ज्या पोरीवर रागवायचं, तिनंच हे गुडघे परत मिळवून दिलेले. बावीस वर्षं आंबिवलीच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मांडी घालून पोळ्या लाटल्या, रोजच्या चारशे. कंपनी बंद पडली, गुडघे त्याआधीच पडले होते. डॉक्टर म्हणाला, वाट्या बदला. शकू म्हणाली, तुझ्या बदल. आणि मग ही आली. एके दिवशी शकूला जिन्यावर बसून पुढं सरकताना तिनं पाहिलं आणि न विचारता हात धरून पलंगावर आडवं केलं, गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी सरकवली, वरून आपला पंजा ठेवला. “दाब. हाना... दूल... सेत...”

“शिव्या देतेस काय गं?”

“नाही आजी. एक, दोन, तीन. दाब. आळशी आजी.”

आळशी! आजवर शकूला कुणाची छाती झाली नव्हती असं म्हणायची. पण दाबला. रोज दाबला, सकाळ-संध्याकाळ, आणि आता तिला भाकरी मोजताना, पायऱ्या मोजताना आधी हाना दूल सेतच तोंडात येतं, मागून मराठी. कंपनीनं काय दिलं, नवऱ्यानं काय दिलं, पोटच्या पोरानं — राकेशनं — काय दिलं, याची यादी शकूकडे कायम तयार असते आणि ती कुणालाही ऐकवायला ती मागेपुढे बघत नाही. या पोरीनं काय दिलं, ते मात्र कधी तोंडातून बाहेर आलं नाही. आपल्याकडे घरच्या माणसाला थँक्यू म्हणतात का? नाही म्हणत. घरची होती म्हणून नाही म्हटलं... घरची होती ना?

तिथंच तर सगळं येऊन अडत होतं.

सोहीला आधी अकादमीनं कल्याणात फ्लॅट दिलेला, मोठ्या सोसायटीत. आईनं पाठवलेले वाळवलेले मासे तिनं एकदा परतले आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीची चिठ्ठी. दीप्तीनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा शकू सुकटच निवडत बसली होती. “सुकटीच्या वासानं ज्यांची सोसायटी बाटते, त्यांनी नाकं काढून बँकेत ठेवावीत! आण तिला आपल्याकडे. वरची खोली काय पूजेला ठेवलीय? बुद्धाच्या देशातली ना ती?”

“कोरियाची आहे, आजी.”

“तेच ते.”

आणि ती आली तो दिवस... दारासमोरच्या भिंतीवर तथागतांची तसबीर, शेजारी बाबासाहेब, आणि त्याखाली शकूची खुर्ची. सोहीनं उंबऱ्याबाहेर बूट काढले, ते वळवून नीट जोडीनं ठेवले, आत आली, हात पोटाशी धरले आणि कमरेत वाकली — अशी वाकली, की पाठीवर पोळपाट ठेवला असता तरी हलला नसता — आणि तशीच राहिली. शकूनं मागं वळून तसबिरीकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. सातासमुद्रापलीकडून यायचं आणि पहिलं काम काय, तर तथागतांना वंदन! आमची पोरं बघा, मोबाईल चार्जिंगला लावतात. दुसऱ्या दिवशी विहारात, वाण्याकडे, आणि खास चपला झिजवून केशरबाईच्या दारात जाऊन शकूनं हे सांगितलं. केशरबाईचा जावई दुबईला असतो म्हणून तिचे पाय जमिनीला लागत नसत, ते त्या दिवशी लागले.

तेव्हापासून सोही आपल्यातली. वैशाखी पौर्णिमेला शकूनं तिला पांढरी साडी नेसवली — दोन साड्या जोडून निऱ्या पुरवल्या — पहिल्या रांगेत बसवलं, खीर वाटायला उभं केलं. त्रिशरण पाठ करून घेतलं. पोरीनं सगळं केलं. एकदाही नाही म्हणाली नाही.

तिची गोष्ट शकूनं तुकड्यातुकड्यानं काढून घेतली होती, स्वयंपाकघरात, मासळीच्या टोपल्या दोघींच्या मध्ये ठेवून. समुद्राकाठचं लहान गाव. आई बारीक मासे उकडून वाळवणारी. नऊ वर्षांची असताना शाळेतल्या मास्तरानं उंची बघून उचललेली. अठराव्या वर्षी मोठ्या हॉलमध्ये पोरी खुर्च्यांवर बसवतात आणि संघवाले एकेक नाव पुकारून निवडून नेतात — हिचं नाव शेवटून तिसरं. “बघायला येतात तसंच की,” शकू म्हणाली होती, “फक्त पोहे नाहीत.” मग संघाच्या वसतिगृहात बारा वर्षं. पहिली दोन वर्षं खेळायला मिळालं ती मिनिटं अकरा, बाकी थोरल्या खेळाडूंचे कपडे धुवायचे, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, चेंडूंची पोती वाहायची, आणि सगळ्या जेवून उठल्या की मग जेवायचं. हे ऐकताना शकूचे हात थांबले होते. पंधराव्या वर्षी या घरात ती आली, तेव्हा सासूनं याहून वेगळं काय केलं होतं? याला करिअर म्हणतात, दीप्ती म्हणाली. मग माझंही झालं की करिअर, शकू म्हणाली, आणि तिघी हसल्या.

तिसऱ्या वर्षी कुणाचा तरी पाय मोडला आणि हिला आत ढकललं, समोरच्या संघातली धिप्पाड परदेशी बाई अडवायला. अडवणार कशी? हिनं पाय रोवले, हात छातीशी घेतले आणि ती बाई येऊन आदळली तशी ही पाठीवर पडली. शिट्टी वाजली. चूक त्या बाईची, चेंडू हिच्या संघाला. तेव्हापासून तेच काम: समोरून जोरात येणारीच्या वाटेत वेळेआधी जाऊन उभं राहायचं, हलायचं नाही, धडक घ्यायची, पडायचं. बारा वर्षांत गुण म्हणाल तर सामन्याला तीन-चार. पडणं मात्र तिच्याइतकं कुणी पडलं नाही.

“पडायचाही पगार मिळतो होय गं?” शकू म्हणाली होती. “मग आमच्या ह्यांना पेन्शन लागायला हवी होती. रोज रात्री गल्लीत पडायचे, एकदाही कुणी शिट्टी वाजवली नाही!”

दीप्तीनं कसंबसं इंग्रजीत सांगितल्यावर सोही हसून हसून ओट्याला टेकली.

आणि ज्या वर्षी संघ जिंकला, त्या वर्षी ती इस्पितळात, गुडघ्यात टाके. सामना टीव्हीवर पाहिला. मैत्रिणींनी जाळीचा तुकडा आणून उशाशी ठेवला. तो गुडघा पुन्हा फाटला. एकतिसाव्या वर्षी संघानं बोलावणंच बंद केलं — निरोप नाही, फुलं नाहीत, कपाटातलं सामान भरायला एक पिशवी तेवढी दिली. म्हणजे आज विहारात होणार आहे तो तिचा पहिला निरोप. हे शकूला ठाऊक होतं. सत्काराचा घाट तिनंच तर त्यासाठी घातलेला.

...सकाळी नऊला सोही खाली उपमा खात होती, तेव्हा तिच्या आईचा फोन आला. एरवी रविवारचा फोन ती वर खोलीत घेते. आज म्हणाली, आजीला भेटव म्हणते आई. डब्याला टेकवून मोबाईल उभा केला. तिकडे लांबच लांब टेबलं, बायका जेवत होत्या, सोहीची आई हातात डाव घेऊन उभी, आणि तिच्या मागं भिंतीवर माणसाएवढा लाकडी क्रूस.

शकूनं जय भीम केला. तिकडून म्हातारी वाकली. फोन बंद झाला. मग शकूनं विचारलं, “मागं ते काय होतं?”

“चर्च. रविवार ना. आई तिथे जेवण वाढते.”

“म्हणजे आई जाते होय चर्चला?”

“आई, बाबा, सगळे. मी पण. लहान होती तेव्हापासून.”

दीप्तीचा चमचा हवेतच राहिला.

“आणि बुद्ध?”

सोहीनं भिंतीकडे पाहिलं, मग शकूकडे. “बुद्ध आजीचा,” ती म्हणाली, जसं म्हणावं चष्मा आजीचा.

“मग पहिल्या दिवशी वाकलीस ती कुणाला?”

तिला प्रश्नच कळला नाही. दीप्तीनं खाली मान घालून सांगितला. सोहीच्या कपाळाला आठी पडली, एवढं साधं काय विचारतात म्हणून. “आजीला. घरात मोठी आजी. पहिल्यांदा आली ना मी... मोठ्यांना वाकायचं.”

“तीन वर्षं झाली. एकदा तोंड उघडता आलं नाही तुला?”

“आजीनं कधी विचारलं नाही,” सोही म्हणाली. टोमणा नव्हता तो. त्या पोरीला टोमणा मारता येत नाही. खरं तेवढं बोलते, म्हणूनच लागतं.

शकू उठली, सोहीची अर्धी भरलेली बशी मोरीत ठेवली आणि म्हणाली, “गाडी चुकेल तुमची.”

आता खोलीत ऊन सरकत पलंगापर्यंत आलेलं. नाही विचारलं. खरंच नाही विचारलं मी. विचारायचं काय, मला माहीतच होतं ना! माझ्या बापाला जन्मभर लोकांनी विचारलं — कोण तुम्ही? पाणी द्यायच्या आधी, ओट्यावर बसवायच्या आधी, कोण तुम्ही? छप्पन सालानंतर बाप म्हणायचा, पोरी, आता कुणी विचारलं कोण, तर मान वर करून सांगायचं. मी सांगत आले. कँटीनमध्ये सांगितलं, शाळेच्या दाखल्यावर सांगितलं, भांडून सांगितलं. आणि माझ्या दारात एक पोर आली, तिला मी विचारलं नाही, परस्पर सांगूनच टाकलं — तू कोण ते.

आणि विचारलं असतं तर? शकूनं स्वतःला हा प्रश्न इतक्या सरळ टाकला, की तिचीच तिला भीती वाटली. पहिल्या दिवशी म्हणाली असती चर्चवाली आहे, तर दिली असतीस खोली? ...दिली असती. का नसती दिली? ...खरं बोल, शकू, इथं कुणी नाही. राकेशला म्हणाली असतीस, जागा नाही रे, दीप्तीचा अभ्यास असतो वर. सेक्रेटरीनं चिठ्ठी दिली, तू निमित्त दिलं असतंस, फरक तो काय. चौदा पायऱ्या मग आज कुणी चढवल्या असत्या?

पण ही तर आतापर्यंतची अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी हळूहळू वर येत होती, आणि शकू तिला हातानं दाबून ठेवल्यासारखी बसून होती. ती पोर वाकली तेव्हा तिला काय माहीत होतं? शकू कोण, कुठली, कोणत्या जातीची म्हणून तिच्या बापाला ओट्याखाली बसवायचे, दुसरीतून शाळा सुटली, चारशे पोळ्या, नवरा गल्लीत — काही नाही. घरातली सून वाकते ते रीत म्हणून, पोरगा वाकतो ते दिवाळी म्हणून. हिला एवढंच दिसलं, की खुर्चीत एक म्हातारी बाई बसलीय. त्यावर ती वाकली. तेवढी. आणि मी काय केलं... मी मागं वळून बघितलं. मला वाटलंच नाही, की एवढं वाकणं माझ्यासाठी असेल.

शकूनं पदरानं तोंड पुसलं, रडत नव्हती तरी.

बाराला खालून हाक. “शकूताई! आहात का? जय भीम!” चांगदेव, विहाराचा सेक्रेटरी, काखेत बॅनरची गुंडाळी. ओसरीतच त्यानं ती उलगडली: ‘बुद्धभूमीची कन्या, आयुष्मती सोही यांचा भव्य सत्कार’, आणि सोहीच्या फोटोमागं कॉम्प्युटरनं उगवलेला पिंपळ.

“कसं झालंय?”

“पिंपळ मोठा झालाय. पोर दिसत नाही.”

“ताई, तुम्ही म्हणजे... बरं, दोन शब्द पाठ आहेत ना? ते पहिल्या दिवशीचं वंदन सांगाच. मी परवा केशरबाईंना सांगितलं, तर डोळे पुसले त्यांनी.”

“केशरबाई कांदा चिरत असेल.”

तो हसला. सांगायची वेळ हीच होती. शकूनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “चहा घेतोस?” आणि तो घेत बसला तेवढा वेळ ती कपाच्या कानाकडे बघत राहिली. खरं सांगितलं तर बॅनर जाईल, शाल जाईल, केशरबाई वर्षभर पुरवून पुरवून बोलेल आणि पोरीचा हाही निरोप पिशवीवर भागेल. नाही सांगितलं तर फुलं पडतील, टाळ्या पडतील, पण त्या कुणाला? त्या पिंपळाखालच्या कन्येला. जी तीन वर्षं माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवून बसली, ती तशीच बिनटाळीची जाईल.

दुपारी तिनं टॉवेलची वळकटी केली, पण मोजताना मन दुसरीकडेच — ठाण्याला झालेल्या दीप्तीच्या मॅचला. दीप्ती मैदानातून ओरडत होती, “डावीकडे! माझी, माझी! मागं ये!” आणि शकू शेजारणीला विचारत होती, कुणाची गं ही एवढ्या आवाजाची. या घरात एकच तोंड. शकू बोलायची आणि राकेश, सून, नात ऐकायचे, पोर नुसती मान हलवायची, आणि शकूला ती गुणी वाटायची. सोहीनं तिला शिकवलं, बचाव पायांनी नाही, आवाजानं होतो. जिला दिसतं तिनं सांगायचं, बाकीच्यांची पाठ असते. त्या रात्री दीप्ती जेवताना म्हणाली, “आजी, बाबांना बोलू दे ना जरा.” शकूनं ताट सरकवलं होतं. आता वाटत होतं, तो घास काय वाईट नव्हता.

पाचला दोघी आल्या. सोही दारातच उभी राहिली, आत यावं की नाही अशी. हातात पोरींनी दिलेला चेंडू, वर सह्या.

“आजी रागावली?”

“हो,” शकू म्हणाली. “स्वतःवर. ते माझं मी बघून घेते. तू तोंड धू. आणि ती पांढरी साडी नको नेसू.”

“मग काय घालू?”

“तुला काय घालायचंय ते घाल गं बाई. मी पहिल्यांदाच विचारतेय, उत्तर दे की!”

सोहीनं तिच्या जुन्या संघाचा निळा सदरा घातला, पाठीवर तेरा. दीप्तीनं हळूच विचारलं, “आजी, तू सांगणार आहेस?” शकूनं उत्तर दिलं नाही, कारण तिला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना गप्प राहणं तिला आजवर कधी जमलं नव्हतं.

विहारात पंखे फिरत होते. बॅनर एका बाजूनं सुटून दुमडलेला, पिंपळ पिंपळावर पडलेला. वंदना सुरू झाली तशी सोहीनं शेजारी बसून हात जोडले आणि सगळ्यांबरोबर म्हणू लागली, हळू, पण एकही अक्षर न चुकता. शकू ऐकत राहिली. हिचं नाही हे, आणि तरी हिनं किती जपून धरलंय — दुसऱ्याच्या घरचं भांडं नेताना धरतात तसं. आपलं म्हणून आपण तर अर्धं गिळूनच म्हणतो.

चांगदेव बोलला, बराच बोलला. मग म्हणाला, “आणि आता ज्यांनी या कन्येला घर दिलं, त्या आपल्या शकूताई...”

शकू उठली. जमिनीवरून, हात न टेकता, आणि केशरबाईनं ते पाहिलं. माईक हातात आला. समोर ओळखीचे दीडशे चेहरे, पहिल्या रांगेत निळ्या सदऱ्यातली पोर, तिच्याकडे मान वर करून बघणारी. आठ दिवस पाठ केलेले दोन शब्द शकूनं आत शोधले. जागा रिकामी होती. नवेही तयार नव्हते. कुणालाही फैलावर घ्यायला सदैव धार लावून ठेवलेली तिची जीभ तोंडात नुसती पडून होती, मऊ, एखाद्या परक्या वस्तूसारखी. घाबरायला हवं होतं. पण पोटात भरून आल्यासारखं झालं होतं... पंगतीत वाढणारी समोर येऊन उभी राहते आणि आपण ताटावर हात आडवा धरतो, पुरे गं, आता पुरे, आणि ती ऐकत नाही — तसं कुणी तरी आत वाढतच होतं. शकूनं ताटावरचा तो हात काढून घेतला.